यादीतली एकशे एक्केचाळिसावी

टाकेबाई हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलं होतं. पाठीमागे घ्यायचं म्हणून ठेवलं, पण दोनेक वर्षांत ते सरांच्याही तोंडी बसलं आणि शेवटी बाईंनी स्वतःच ते पत्करलं. कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागातल्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहात, त्या एकतीस वर्षं होत्या. वाळलेलं रोप पानाफुलांसकट जाड पांढऱ्या कागदावर मांडायचं, डिंकाने चिकटवायचं, जाड देठांना सुईदोऱ्याने टाके घालायचे आणि खाली उजव्या कोपऱ्यात माहितीची चिठ्ठी लावायची, हे काम. त्या कागदाला शीट म्हणतात. अशा अकरा हजारांवर शीट बाईंच्या हातून गेल्या आणि एकीवरही टाका वाकडा पडला नाही. हे त्या स्वतःच लोकांना सांगत, आणि खरं असल्यामुळे कुणी काही बोलत नसे.

निवृत्तीला नऊ वर्षं झाल्यावर एका गुरुवारी सकाळी बाईंच्या दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. उन्हाने रापलेली, केस कसेतरी बांधलेले, खांद्याला फुगलेली पिशवी. पीएच.डी. करत होती. गावाबाहेरच्या मोठ्या तळ्यातल्या फुलझाडांची तीस वर्षांपूर्वी बाईंच्या विभागाच्या सरांनी जी यादी केली होती, त्यातलं आज काय उरलंय ते ती शोधत होती. यादीत एकशे एक्केचाळीस जाती. त्यातल्या एकशे सव्वीस तिला दोन वर्षांत सापडल्या. चौदा का गेल्या त्याची कारणं तिच्याकडे होती. कुठे काठाला सिमेंट झालं, कुठे डबकं आटलं. राहिली एक. शेवटची, एकशे एक्केचाळिसावी. ज्या वनस्पतीमुळे त्या तळ्याचं नाव पुस्तकांत गेलं, तीच कुठे दिसेना.

बाईंनी पाण्याचा पेला तिच्यापुढे ठेवला.

मुलीने पिशवीतून जुन्या नोंदवहीच्या झेरॉक्स काढल्या. अक्षर बाईंचंच होतं, गोल, टपोरं. तिला शंका एवढीच होती, की नोंदीत त्या फुलाला कापलेल्या काकडीचा वास येतो असं लिहिलंय, आणि पुस्तकं सांगतात की या जातीला वासच नसतो. मग हे काय? आणि विचारता विचारता तिने बाकीचंही सांगून टाकलं. सोमवारी तिचा अहवाल जायचा होता. नोंदीत जागा दिली होती ती तळ्यातली एक अरुंद पाण्याची वाट. त्या वाटेने नावाडी चटयांसाठी कापलेली पाणकणसं काठावर आणतात आणि नाव पुढे ढकलताना त्यांचे बांबू चिखलात रुततात. त्यानेच ती वनस्पती उखडली गेली असणार, असा तिचा निष्कर्ष होता, आणि वाट बंद करावी अशी शिफारस.

“गंमत बघा बाई,” ती म्हणाली, “ज्याच्या नावावर शोध लागला तो म्हातारा अजून तिथेच नाव चालवतो. त्याचीच वाट ती. त्यानेच शोधलं आणि त्यानेच संपवलं.”

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. सांगायला एवढी सोपी वेळ पुन्हा यायची नव्हती. समोरची मुलगी शहाणी होती, घरात तिसरं कुणी नव्हतं, वाक्यही चार शब्दांचं होतं. बाईंच्या तोंडून जे बाहेर पडलं ते असं:

“नावाडी म्हणाला तसं मी लिहिलं. त्याला काय कळतंय?”

मुलीने मान डोलावली, झेरॉक्सवर पेन्सिलीने “वासाची नोंद दुर्लक्षावी” असं टिपून घेतलं आणि आभार मानून गेली. बाई दाराशीच उभ्या राहिल्या. आपले कान गरम झालेत हे त्यांना कळत होतं. सदुसष्टाव्या वर्षी.

झालं होतं ते असं.

सरांनी ती पाहणी हाती घेतली तेव्हा विभागातले बाकीचे हसले होते. तळ्यात काय बघायचं, म्हणे. लोकांना तळं म्हटलं की कमळ आठवतं. सरांना त्या कमळाचा रागच होता. ते विद्यार्थ्यांना काठावर उभं करून सांगत, की एवढ्या एका नजरेत फुलझाडांचे चार मजले आहेत. ओल्या काठावर चिखलाला चिकटून पसरणारी, नखाएवढ्या जांभळ्या-निळ्या फुलांची. मग पाण्यात पाय सोडून उभी राहणारी, म्हणजे पाणकणसं, लव्हाळे आणि गवतं, ज्यांची फुलं फुलं आहेत हे कुणाच्या गावीही नसतं. पुढे खोल पाण्यावर पानं पसरून दोरीसारख्या देठांनी तळाला बांधलेली. आणि सगळ्यांत खाली पूर्ण बुडालेली, फक्त फुलापुरतं डोकं वर काढणारी. शिवाय कुठेच पाय न टेकणारी, वाऱ्यावर या काठाहून त्या काठाला जाणारी.

बाई बी.एस्सी. होत्या, पण परीक्षेपुरत्या. त्या तळ्यावर त्यांना पहिल्यांदा आपल्या विषयाची गोडी लागली. टाचणीच्या डोक्याएवढी हिरवी टिकली, जिला ना देठ ना पान, तिलाही फूल येतं हे त्यांनी भिंगातून पाहिलं आणि घरी जाऊन नवऱ्याला तीनदा सांगितलं. एकीची नरफुलं देठापासून सुटून पाण्यावर होडीसारखी वाहत मादीफुलाला जाऊन लागायची. एक वर भोळीभाबडी पिवळी फुलं दाखवायची आणि खाली पाण्यात बारीक बारीक पिशव्यांनी किडे गिळायची. नावाडी तिला चोरटी म्हणायचा.

त्या नावाड्याशिवाय ती यादी झालीच नसती. तेव्हा तो चाळिशीचा असेल. सडपातळ, कमी बोलणारा, पण बोलला की हसवणारा. सगळ्या झाडांना त्याने स्वतःची नावं ठेवली होती. एका जातीचं पान वरून गोलगरगरीत आणि शांत, उलटं केलं की काट्यांनी भरलेलं. तिला तो सासूबाई म्हणे. सरांनी ते नाव गंभीरपणे वहीत लिहायला लावलं होतं. तो बाईंना ताई म्हणायचा, त्या त्याला भाऊ. “ताई, ही धरा नवी,” असं म्हणून त्याने नावेच्या टोकावरून जे काही हातात दिलं, त्यातल्या सदतीस जाती यादीत आहेत. सरांना स्वतःला एकोणतीसच सापडल्या होत्या आणि ते हे मोकळेपणाने सांगत.

पाण्यातली झाडं वाळवणं हे येरागबाळ्याचं काम नाही. बाहेर काढलं की ओल्या दोऱ्याचा गोळा होतो. म्हणून ट्रेमध्ये पाणी घ्यायचं, झाड त्यात पुन्हा तरंगत सोडायचं, खालून कागद सरकवायचा आणि तिरका करत हळूच उचलायचा, म्हणजे पानं होती तशी पसरून कागदावर बसतात. मग टीपकागदात घालून लाकडी प्रेसमध्ये आवळायचं. पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ टीपकागद बदलायचे. नाही बदलले तर बुरशी.

पाहणीचं सहावं वर्ष होतं. सरांचा पाय मुरगळला होता म्हणून त्या दिवशी ते आलेच नव्हते. होडी त्या अरुंद वाटेत असताना नावाड्याने ओल्या फडक्यात गुंडाळलेलं एक रोप बाईंच्या हातात दिलं. पट्टीसारखी लालसर पानं, सुतासारखा देठ, टोकाला तीन पाकळ्यांचं पांढरं फूल.

“हे मी जन्मात दोनदाच बघितलंय, ताई. एकच आणलंय. बाकीची तिथेच राहू द्या.”

कुठलं म्हणून विचारलं तर म्हणाला, आहे एक जागा, सर आले की दाखवीन. बाईंनी नोंदीत जागा म्हणून, होडी तेव्हा जिथे होती ती वाट लिहून टाकली. फूल नाकाशी नेलं. काकडीचा वास खरंच येत होता. तरी लिहिताना त्यांनी “नावाड्याच्या सांगण्यावरून” असं लिहिलं. शास्त्रीय नोंदीत आपलं नाक कशाला, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी धाकट्या बहिणीचं लग्न होतं, दुसऱ्या गावी. तीन दिवस जायचं. टीपकागद बदलायला विभागातला शिपाई होता, शिकवला असता तर त्याने बदललेही असते. पण प्रेसला दुसऱ्याचा हात लागलेला बाईंना खपायचा नाही. त्यांनी प्रेस कपाटात ठेवलं, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकून त्या लग्नाला गेल्या. गाडीत बसल्यावर टीपकागदांची आठवण झाली. एक दिवसाने काही बिघडत नाही असं त्यांनी मनाला सांगितलं. दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं.

परत येऊन प्रेस उघडलं तर आत काळा लगदा. बोट लावलं तर बोटाला आला.

सर फोनवरून रोज विचारत होते. उद्या येतो, बघू तुमचं नवं काय आहे ते, म्हणत होते. बाई हात धुवायला व्हरांड्याच्या टोकाला गेल्या. तिथून पुढे प्राणिशास्त्र विभाग लागायचा. दोन्ही विभागांचं एका प्रोजेक्टरवरून सहा वर्षांपूर्वी जे वाजलं होतं ते अजून मिटलं नव्हतं, आणि सरांनी तेव्हापासून त्या बाजूला पाऊल टाकलं नव्हतं. तिथे भिंतीशी माशांचा एक टँक होता. शोभेच्या माशांच्या दुकानातून आणलेलं कसलंसं झाड त्यात माजलं होतं आणि पाण्यावर फूल आलं होतं. पांढरं. तीन पाकळ्यांचं.

बाईंनी मुळासकट एक काडी उपटली. टीपकागदात घालून कोमट इस्त्री फिरवली, तासाभरात वाळवली, आणि त्याच नंबरखाली शीटवर लावली. टाके सुरेख पडले. त्यांना वाटलं, सर बघतील, साधीच जात म्हणतील, बाजूला ठेवतील. विषय संपेल.

सर चार दिवस सूक्ष्मदर्शकापुढून उठले नाहीत. पाचव्या दिवशी लंगडत हर्बेरियममध्ये आले तेव्हा त्यांचा चेहरा शाळकरी पोरासारखा फुलला होता. ही जात आपल्या भागात कधीच, कुणालाच मिळालेली नव्हती. निबंध छापून आला. परगावचे लोक बघायला आले. आणि सर मनाने मोठे, त्यांनी सगळं श्रेय नावाड्याला दिलं आणि त्याला मुद्दाम विभागात चहाला बोलावलं.

तो धुतलेले कपडे घालून आला होता. सगळे टेबलाभोवती उभे. सरांनी शीट त्याच्यापुढे ठेवली. तो वाकला, बराच वेळ बघत राहिला, आणि म्हणाला, “हे मी दिलेलं नाही, सर. हे आपल्या पाण्यातलंच नाही.”

सर हसले. वाईट हेतूने नाही. पण सर हसले म्हणून विद्यार्थी हसले, आणि त्यांना थांबवणारं कुणी नव्हतं. वाळलेली शीट बघून आम्हीच चकतो, तुझं काय घेऊन बसलास, असं काहीतरी सर म्हणाले. नावाड्याने सगळ्यांवरून नजर फिरवत बाईंकडे पाहिलं.

“ताई, तुम्ही सांगा. तुमच्याच हातात दिलं होतं ना?”

बाई तिथेच होत्या, टेबलापासून हातभर अंतरावर. त्या म्हणाल्या, “वाळल्यावर वेगळंच दिसतं, भाऊ.”

त्याने अर्धा चहा तसाच ठेवला आणि येतो म्हणून गेला. सातव्या वर्षी नाव त्यानेच चालवली, पण नवं म्हणून एकही झाड दाखवलं नाही. सरांनी अहवालात लिहिलं, की नवीन जाती मिळणं आता थांबलं असल्यामुळे यादी पूर्ण झाली असं समजायला हरकत नाही. ते वाक्य टाइप करायला बाईंनीच दिलं होतं.

तेव्हापासून बाईंची यादी एवढीच होती. झाड बदललं ते एक. पण माणसाने चारचौघांत आपल्याकडे बघून विचारलं आणि आपण त्याला खोटं पाडलं, ते वेगळं. पहिल्याला भीती म्हणता येत होतं. दुसऱ्याला त्यांना तीस वर्षांत नाव सापडलं नव्हतं, आणि आज तर त्यांनी त्यात भर घातली होती.

गुरुवारी दुपारी जेवताना त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. ते पोस्टातून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. ऐकून घेतलं, घास गिळला आणि म्हणाले, “एवढंच? तुझा चेहरा बघून मला वाटलं, कुणाला मारून आलीस.”

बाईंना इतका संताप आला की त्या ताट घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. तिथे उभ्या उभ्या जेवल्या.

शुक्रवारी त्या सरांकडे गेल्या. सर आता एक्क्याऐंशीचे, मुलाच्या फ्लॅटमध्ये, खिडकीजवळच्या खुर्चीत. भिंतीवर त्या शीटचा फोटो फ्रेम करून लावलेला. बाईंनी बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली, कारण बसलो तर तब्येतीच्या गप्पा होतील आणि आपण तशाच परत जाऊ हे त्यांना माहीत होतं. लग्न, कुलूप, बुरशी, टँक, इस्त्री.

सर म्हणाले, “बाई, तुम्ही दमलाय. या वयात आठवणी एकीत एक मिसळतात. माझंही होतं हल्ली.”

“मिसळलेलं नाही, सर.”

“मी स्वतः ओळखली आहे ती. माझ्या डोळ्यांनी.”

“तुम्ही ओळखलं ते बरोबरच होतं. झाडच दुसरं होतं.”

सरांनी हात हलवला, कुणी उगाच वाद घालणाऱ्या विद्यार्थ्याला गप्प करावं तसा, आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं. टाकेबाईंचं वय झालंय, असंही तिला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले. खरं सांगावं आणि समोरच्याने हसून बाजूला सारावं, हे कसं लागतं ते त्यांना आज कळत होतं. आणि नावाड्याला हे एकाने नाही, अख्ख्या खोलीने दिलं होतं.

त्या दाराशी चपला घालत होत्या तेव्हा मागून सरांचा आवाज आला. अगदी बारीक.

“तो टँक कुणाचा होता? प्राणिशास्त्रवाल्यांचा?”

“हो, सर.”

सर म्हणाले, “जाताना दार ओढून घ्या.” बाईंनी वळून पाहिलं तर त्यांनी खुर्ची फिरवली होती, फोटोच्या भिंतीकडे पाठ करून.

शनिवारी बाई हर्बेरियममध्ये गेल्या. मुलगी तिथेच होती, शीटांच्या गठ्ठ्यांत. बाईंनी स्वतःच कपाट उघडून ती शीट काढली, तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, मुळाशी भिंग लाव. तळ्यातला चिखल काळा असतो, रेशमासारखा. इथे मुळाच्या बेचक्यात वाळूचा एक कण अडकला होता, मोहरीपेक्षाही लहान, आणि निळा. दुकानातल्या रंगीत वाळूचा. शीट लावताना बाईंना तो दिसला होता. काढायला गेलं तर मूळ तुटलं असतं म्हणून त्यांनी तो राहू दिला होता. हात नीटनेटका ना त्यांचा.

मुलगी भिंगातून बघत राहिली. बाई सांगत राहिल्या. मुलीने मान वर केली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता.

“दोन वर्षं मी त्या पाण्यात गळ्यापर्यंत उभी राहिलेय, बाई. जळवा काढल्यात पायाच्या. आणि परवा तुमच्या घरी येऊन सरळ विचारलं, तेव्हाही तुम्ही त्याला काय कळतंय म्हणालात.”

“म्हणाले.”

“का?”

सवय झाली होती, असं त्यांनी सांगून पाहिलं, आणि ते खरं असलं तरी फार हलकं वाटलं.

हर्बेरियमचा नियम असा, की एकदा शीटवर लावलेलं काही खोडायचं नाही आणि उचकटायचं नाही. चूक सापडली तर शेजारी नवी चिठ्ठी लावायची, कुणी लिहिली त्याचं नाव आणि तारीख घालून. जुनी चूक, नवी दुरुस्ती, दोन्ही पुढच्यांना दिसली पाहिजेत. बाईंनी अशा शेकडो चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, पण लिहिणारे नेहमी दुसरे कुणीतरी, डॉक्टर नाहीतर प्रोफेसर. आज त्यांनी स्वतः लिहिली: मूळ नमुना नष्ट झाला, हा नमुना तळ्यातला नाही, माशांच्या टँकमधून घेतला, हे त्याच वेळी नावाड्याने ओळखून सांगितलं होतं. खाली आपलं पूर्ण नाव. डिंक लावताना चिठ्ठी किंचित तिरकी बसली, आणि सरळ करायला गेल्या तर मुलगी म्हणाली, राहू द्या.

अहवाल बदलेन, वाट बंद करा म्हणणार नाही, एवढं ती म्हणाली. पण मूळचं झाड कुठलं होतं ते त्या म्हाताऱ्यालाच विचारावं लागेल. तुम्ही येता की मी एकटी जाऊ? बाई म्हणाल्या, आधी मला जाऊन येऊ दे.

रविवारी सकाळी त्या बसने तळ्यावर गेल्या. शेवटच्या स्टॉपला बसचा नवा डेपो, त्याला वळसा घालून धक्क्यावर. धक्क्यावर सातआठ माणसं पाणकणसांच्या मोळ्या बांधत बसली होती. नावाडी जरा बाजूला नाव पालथी घालून फटींत डांबर भरत होता. सत्तरीचा, वाकलेला, हात मात्र तसेच. त्याने बाईंना ओळखलं, बसायला फळी सरकवली आणि डांबर भरत राहिला.

बाईंनी सांगितलं. चार दिवसांत चौथ्यांदा सांगत होत्या, तरी यावेळी शब्द सगळ्यांत वाईट लागले. त्याने ऐकून घेतलं.

“पहिली दोनतीन वर्षं मला माहीत होतं,” तो म्हणाला. “मग वाटायला लागलं, मीच चुकलो असेन. एवढी शिकलेली माणसं. तुम्ही पण म्हणालात.”

त्याने सांगितलं, की त्यानंतर त्याने कुणाला काही दाखवायचं सोडलं. नवी झाडं दिसायची. मोजली नाहीत, पण पंधरावीस तरी असतील, काही आता दिसत नाहीत. बाईंनी ती जागा विचारली. जिथून त्याने ते रोप आणलं होतं ती.

“तुम्ही आत्ता बसमधून उतरलात ना? तीच. कोपऱ्यात लहानसं आत शिरलेलं पाणी होतं. डेपोसाठी भर घालायच्या आधी मोजणीवाले साहेब आले होते. यादी होती त्यांच्याकडे, सरांचीच. या कोपऱ्यात काही विशेष आहे का, म्हणाले. यादीत तर नाही. मी बाजूलाच उभा होतो.”

“मग?”

“मग काय. मी म्हटलं, मला काय कळतंय.”

बाईंनी फळी घट्ट धरली. मला माफ करा, असं त्या म्हणाल्या. त्याने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. डांबराचं डबडं खाली ठेवलं, हात फडक्याला पुसले.

“मला सांगून काय उपयोग, ताई? मी होतोच की तिथे. या लोकांनी तीस वर्षं मला प्रोफेसर म्हणून हाका मारल्यात. पोरांची पोरं मारतात. कशावरून ते आता कुणाला ठाऊक पण नाही.” त्याने मोळ्या बांधणाऱ्यांकडे मान केली. “तिकडे सांगा.”

बाई उठल्या. दहा पावलं असतील. माणसांनी हात थांबवले आणि वर पाहिलं. साडी नेसलेली म्हातारी बाई धक्क्यावर काय करतेय, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. बाईंनी पर्स दोन्ही हातांत धरली आणि सांगितलं. मी कॉलेजात होते, या भाऊंनी मला एक झाड दिलं, ते मी सडवलं आणि त्या जागी दुसरं लावलं. हे दुसरं आहे असं ते म्हणाले, ते खरं होतं. मी खोटं बोलले. सगळे त्यांना हसले ते माझ्यामुळे.

दोघंतिघं एकमेकांकडे बघू लागले. एका तरुणाने हसू दाबलं आणि ते झाड औषधी होतं का, असं विचारलं. दुसऱ्याने मोळीची गाठ आवळायला घेतली. पलीकडे खांबाला टेकून एक फार म्हातारा बसला होता, नावाड्यापेक्षाही मोठा. त्याने कानामागे हात धरला.

“काय म्हणतात त्या?”

नावाडी मागून चालत आला आणि बाईंच्या शेजारी उभा राहिला.

“त्याला कमी ऐकू येतं,” तो म्हणाला. “प्रोफेसर पहिल्यांदा तोच म्हणाला होता मला. जवळ जाऊन सांगा. मोठ्याने.”

बाई त्या म्हाताऱ्याजवळ गेल्या, खाली वाकल्या, आणि पहिल्यापासून, मोठ्याने, परत सांगायला लागल्या.